टॅग जुळतोय तरी सर्व्हर सुरू होत नाही

टॅगवरच्या परमिशन ऐकायला इतक्या सोप्या वाटतात की त्या अडकल्या की नेमकं कुठं बघायचं तेच सुचत नाही. टॅग म्हणजे नाव आणि व्हॅल्यू अशी जोडी. माणसाच्या नावावर एक टॅग, सर्व्हरवर एक टॅग, दोन्हींची व्हॅल्यू सारखी असेल तर त्याने तो सर्व्हर सुरू करावा, बंद करावा, रीबूट करावा, नसेल तर हात लावू नये, संपलं. एडब्ल्यूएसवाले, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवाले, याला एबॅक म्हणतात, गुणधर्मावरून ठरणारा ॲक्सेस. आमच्याकडे आधी प्रत्येक टीमची वेगळी पॉलिसी, म्हणजे कुणाला काय करता येईल याचे नियम, होती आणि तिच्यात सर्व्हरचे आयडी एकाखाली एक लिहिलेले, नवा सर्व्हर आला की भर घाला, जुना गेला की मात्र कुणी काढत नाही, आणि मॅनेज्ड पॉलिसीला ६१४४ अक्षरांची मर्यादा असते त्यामुळे शेवटी ती यादी तिच्यात मावेनाशी झाली. मग सगळ्या टीमना मिळून एकच पॉलिसी केली गेली, 'टीम' नावाच्या टॅगवर चालणारी. हे सगळं होऊन गेल्यावर मी या कामावर आलो, म्हणजे पॉलिसी कुणीतरी लिहिलेली, टॅग कुणीतरी लावलेले, आणि तक्रारी माझ्याकडे.

पहिली तक्रार डेटा टीमकडून. सर्व्हर लिस्टमध्ये दिसतोय, स्टार्ट दाबलं की नॉट ऑथराइज्ड. आणि वर पुरावा म्हणून हे की, अहो दिसतोय म्हणजे परमिशन आहेच की. तर नाही. ईसीटूमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या सर्व्हरच्या सेवेत, लिस्ट दाखवणाऱ्या ज्या डिस्क्राइब कॉल्स असतात त्यांना एकेका सर्व्हरपुरती परमिशन देता येत नाही, म्हणून त्या टॅगच्या कंडिशनशिवाय सरसकट स्टार, म्हणजे 'सगळे', लावून द्याव्या लागतात, आणि मग सगळ्यांना सगळ्या टीमचे सर्व्हर दिसतात. दिसण्याचा आणि टॅगचा काही संबंध नाही. उलटंही होतं बरं का, एखादा उत्साही माणूस डिस्क्राइबलाही टॅगची कंडिशन लावून बघतो आणि मग कन्सोल उघडलं की सगळीकडे लाल पट्ट्या, एकही सर्व्हर नाही.

तक्रारीतला दुसरा भाग जास्त विचित्र होता. त्याच टीममधल्या, त्याच सर्व्हरवर, काही जणांना स्टार्ट जमत होतं. त्यामुळे सर्व्हरचा टॅग बरोबर आहे असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं आणि 'याच्याच अकाउंटमध्ये काहीतरी आहे' असं म्हणून त्या बिचाऱ्याला लॉगआउट कर, लॉगिन कर, कॅशे साफ कर असं सगळं करायला लावून झालेलं होतं.

मी आधी एरर मागितला, स्क्रीनशॉट नको, टेक्स्ट दे म्हटलं. कारण त्या एररच्या शेपटीला एक लांबलचक न वाचता येणारी स्ट्रिंग असते, एन्कोडेड ऑथरायझेशन फेल्युअर मेसेज, आणि बहुतेक लोक ती कचरा समजून कापून टाकतात. सगळं सोनं तिथंच असतं. एसटीएस या एडब्ल्यूएसच्या तात्पुरता ॲक्सेस देणाऱ्या सेवेची डीकोड-ऑथरायझेशन-मेसेज नावाची कमांड आहे, तिला ती स्ट्रिंग दिली की आतून जेसन, म्हणजे वाचता येणारा मजकूर, बाहेर येतो. ही कमांड चालवायला वेगळी परमिशन लागते, ती मुद्दामच वेगळी ठेवलीय कारण आतली माहिती ज्याला नकार मिळालाय त्याला दिसावीच असं नाही. माझ्याकडे ती होती. जेसनमध्ये आधी दोन गोष्टी बघायच्या. एक्स्प्लिसिट डिनाय ट्रू आहे की फॉल्स, आणि मॅच झालेली स्टेटमेंट्स, म्हणजे पॉलिसीतले एकेक नियम, आहेत की यादी रिकामी. ट्रू असेल तर कुठल्यातरी पॉलिसीने तोंडावर नाही म्हटलंय, मग ती शोधायची, ती ऑर्गनायझेशनच्या वरच्या पातळीवरची पण असू शकते. फॉल्स आणि यादी रिकामी असेल तर कुणीच हो म्हटलेलं नाही, एवढाच अर्थ. या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत आणि लोक सर्रास एकाचं दुसऱ्याला देतात.

इथे फॉल्स आणि रिकामं. म्हणजे अलाउ आहे पण तो लागू होत नाहीये. मग खाली कॉन्टेक्स्टमध्ये गेलो, तिथं ॲक्शन कुठली, रिसोर्स कुठला, आणि त्या क्षणी सर्व्हरवर कुठले टॅग होते ते सगळं असतं. टीम टॅगची व्हॅल्यू होती 'डेटा', पण इंग्रजीतला डी कॅपिटल. माणसाच्या बाजूने येणारी व्हॅल्यू सगळी छोट्या अक्षरांत. पॉलिसीतल्या स्ट्रिंगइक्वल्स या तुलनेला हे दोन वेगळे शब्द. कन्सोलवर दोन्ही टॅग शेजारी शेजारी ठेवून बघितले तरी डोळा ते 'सारखेच' म्हणून पुढे जातो, कारण डोळा अर्थ वाचतो.

कॅपिटल डी आला कुठून तर खर्चाचा हिशोब ठेवणाऱ्या टीमने महिनाअखेरच्या रिपोर्टसाठी टॅग 'स्वच्छ' केले होते. त्यांच्या शीटमध्ये टीमची नावं कॅपिटलने सुरू होतात, त्यांनी स्क्रिप्ट चालवली, रिपोर्ट सुंदर झाला. त्यांच्या दृष्टीने टॅग म्हणजे लेबल, बिलात गट पाडायला. तेच लेबल आता ॲक्सेस ठरवतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि सांगायचं कुणी हाही प्रश्नच, कारण पॉलिसी बदलणाऱ्यांनी टॅगला हातही लावला नव्हता. दारावरची पाटी बदलली की किल्लीही बदलते असं हे प्रकरण आहे, आणि पाटी रंगवणाऱ्याला ते माहीत नाही.

इथं एक सोपा मार्ग सुचवला गेला, स्ट्रिंगइक्वल्सच्या जागी स्ट्रिंगइक्वल्स-इग्नोरकेस लावा, विषय मिटला. चालतं ते, खरंच चालतं. पण मी नको म्हटलं. एकदा तिथं सैल सोडलं की अर्धे सर्व्हर एका स्पेलिंगमध्ये आणि अर्धे दुसऱ्या, हिशोबाच्या रिपोर्टमध्ये एकाच टीमच्या दोन ओळी, आणि उद्या कुणी दुसऱ्या सर्व्हिससाठी पॉलिसी लिहिताना तिथं इग्नोरकेस विसरणार. व्हॅल्यू सुधारल्या, छोट्या अक्षरांत, आणि हिशोबवाल्यांना त्यांची नावं सुंदर दिसायला वेगळा टॅग दिला. एका रिसोर्सवर ५० टॅग लावता येतात, काटकसर करायची काही गरज नाही.

बरं, मग काही जणांना जमत कसं होतं? हे मला स्वस्थ बसू देईना. सुधारणा झाली, तक्रारदार खूश, पण ज्यांना आधीपासून जमत होतं त्यांचा टॅगही छोट्या अक्षरांतलाच होता, म्हणजे त्यांनाही जमायला नको होतं. शोधलं तर ते लोक एका जुन्या ग्रुपमध्ये होते आणि त्या ग्रुपला आयडी-यादीवाली पॉलिसी तशीच चिकटलेली. आयएएममध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या परमिशन ठरवणाऱ्या भागात, कुठलाही एक अलाउ लागू झाला आणि कुठंच डिनाय नसला की झालं, तो अलाउ नव्या पॉलिसीतून आला की जुन्या हे कुणी विचारत नाही. म्हणजे टॅगची पॉलिसी लागू केल्यापासून या लोकांवर तिची एकदाही परीक्षा झालेली नव्हती. 'माझ्याकडे चालतंय' याला माझ्या लेखी तेव्हापासून काडीची किंमत नाही, आधी कुठल्या स्टेटमेंटमुळे चालतंय ते दाखव.

यानंतर आमच्या दुसऱ्या एडब्ल्यूएस अकाउंटवरून तीच तक्रार. यावेळी सर्व्हरचे टॅग आधीच तपासले, अक्षरन् अक्षर बरोबर. मग माणसाची बाजू. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, सिंगल साइन-ऑनने येणाऱ्या माणसाचा टॅग हा कुठं कायमचा चिकटवलेला नसतो, तो लॉगिनच्या वेळी सेशनबरोबर येतो, आयडेंटिटी प्रोव्हायडर, म्हणजे लॉगिन तपासणारी व्यवस्था, पाठवतो, आणि सेशन संपलं की तो पण गेला. त्यामुळे कन्सोलमध्ये रोल, म्हणजे लॉगिन केल्यावर माणूस जी भूमिका घेतो ती, उघडून त्याच्या टॅग्जच्या टॅबवर बघणं म्हणजे चुकीच्या ठिकाणी बघणं. रोलवरही तोच टॅग असेल आणि सेशनबरोबरही आला असेल तर सेशनचा जिंकतो, हे अजून एक. खरं काय आलं ते क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत दिसतं, लॉगिनच्या अझ्यूमरोल प्रकारच्या, म्हणजे रोल घेण्याच्या, इव्हेंटमध्ये रिक्वेस्ट पॅरामीटर्सखाली. इव्हेंट तिथं यायला साधारण पाच मिनिटं लागतात, त्यामुळे आत्ता केलं आणि लगेच दिसत नाही म्हणून घाबरू नये, आणि इव्हेंट हिस्टरीत ९० दिवस मागचं बघता येतं.

पहिल्या लॉगिनच्या इव्हेंटमध्ये टीम टॅग होता. पण हे लोक तिथं थांबत नव्हते, ते मुख्य अकाउंटमध्ये लॉगिन करून तिथून दुसऱ्या अकाउंटमधला रोल घेत होते, म्हणजे रोलवरून रोल. आणि सेशन टॅग अशा दुसऱ्या उडीत आपोआप पुढे जात नाहीत. तो टॅग ट्रान्झिटिव्ह, म्हणजे पुढे नेण्याजोगा, म्हणून मार्क केलेला असेल तरच जातो. दुसऱ्या इव्हेंटमध्ये टॅगच नव्हता. मग पॉलिसीतलं 'माणसाचा टीम टॅग' हे व्हेरिएबल भरायला काही उरलंच नाही, आणि व्हेरिएबलला व्हॅल्यू नसली की ते स्टेटमेंट लागू होत नाही. एरर मात्र अगदी तोच, नॉट ऑथराइज्ड. टॅग चुकीचा असला काय आणि टॅग नसलाच काय, तुम्हाला दिसणारं वाक्य एकच.

ट्रान्झिटिव्ह करायला गेलो तर नवीन नाटक. टॅग सोबत पाठवायचे असतील तर रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत, म्हणजे तो रोल कुणी घ्यावा हे सांगणाऱ्या पॉलिसीत, नुसतं अझ्यूमरोल असून भागत नाही, टॅगसेशनही लागतं. ते नसलं तर टॅग गाळून बाकी लॉगिन होऊ दे असं होत नाही, अख्खा अझ्यूमरोलच नाकारला जातो. एका रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत ते राहिलेलं होतं आणि तिथल्या लोकांना आधी निदान सर्व्हर दिसत तरी होते, आता ते आतच येऊ शकेनात. त्यांच्या मते मी सुधारणा करायला आलो आणि दार बंद करून गेलो. तासाभरात सुरळीत झालं पण त्या ग्रुपवर मला आलेले मेसेज इथं लिहीत नाही.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. तिसऱ्या अकाउंटमध्ये सर्व्हरचा टॅग बरोबर, सेशनचा टॅग दुसऱ्या उडीनंतरही बरोबर, क्लाउडट्रेलमध्ये स्वच्छ दिसतोय, जुनी पॉलिसी नाही, डिनाय नाही, वरच्या पातळीवर काही नाही. डीकोड केलं तर एक्स्प्लिसिट डिनाय फॉल्स, मॅच स्टेटमेंट रिकामं. पॉलिसी उघडली, चालणाऱ्या अकाउंटच्या पॉलिसीशेजारी ठेवली, स्टेटमेंट ओळीला ओळ सारखं. परमिशन बदलल्यावर त्या सगळीकडे पोचायला थोडा वेळ लागतो हे खरंय म्हणून थांबूनही बघितलं. पॉलिसी सिम्युलेटर चालवलं तर ते पण उपयोगाचं नव्हतं, कारण सिम्युलेटर सर्व्हरवरचे टॅग स्वतःहून जाऊन आणत नाही, कंडिशनमधल्या की-च्या व्हॅल्यू आपण हाताने भरायच्या असतात. म्हणजे 'टॅग असा असता तर' याचं उत्तर मिळतं, 'टॅग कसा आहे' याचं नाही, आणि माझ्या बाजूने टॅगबद्दल शंकाच उरली नव्हती.

सापडलं ते मी ज्या भागाकडे बघतच नव्हतो तिथं. स्टेटमेंटच्या वर, पहिल्या ओळीत, पॉलिसीचं व्हर्जन. चालणाऱ्या पॉलिसीत '२०१२-१०-१७' होतं. या पॉलिसीत ती ओळच नव्हती. कुणीतरी टेम्प्लेटमधून फक्त स्टेटमेंटचा भाग उचलून नेला होता. आपण त्या ओळीला तारीख समजतो, फाइल कधी लिहिली त्याची नोंद वगैरे, पण ते पॉलिसीच्या भाषेचं व्हर्जन आहे, आणि ती ओळ नसली की आयएएम '२००८-१०-१७' धरतं. आणि २००८ च्या भाषेत व्हेरिएबल ही गोष्टच नाही. डॉलर, महिरपी कंस आणि त्यातलं नाव, हे सगळं तिथं साधी अक्षरं म्हणून वाचलं जातं. म्हणजे पॉलिसी म्हणत होती की सर्व्हरच्या टीम टॅगची व्हॅल्यू अक्षरशः 'डॉलर कंस प्रिन्सिपलटॅग टीम कंस पूर्ण' अशी असेल तर परवानगी. अर्थातच असा सर्व्हर जगात कुणाचा नव्हता. कुठलीही एरर नाही, पॉलिसी सेव्ह व्यवस्थित होते, सिंटॅक्स व्हॅलिड. एक ओळ घातली आणि चालू. ही गोष्ट सापडल्यावर आनंद कमी आणि चिडचिड जास्त झाली.

सर्व्हर सुरू करण्याचा प्रश्न मिटला असं वाटत असताना एका सर्व्हरने वेगळंच केलं. स्टार्ट दाबलं, एरर नाही, पेंडिंग झाला, आणि आपला परत स्टॉप्ड. सगळ्यांना वाटलं की परत टॅग. स्टेट रीझनमध्ये क्लायंट इंटर्नल एरर, ज्यातून काही कळत नाही. याची डिस्क एन्क्रिप्टेड होती आणि तिची की आमची स्वतःची होती, आणि सर्व्हर सुरू करणाऱ्या माणसाला त्या की-वर केएमएसची, म्हणजे एन्क्रिप्शनच्या की सांभाळणाऱ्या सेवेची, क्रिएटग्रँट परमिशन लागते नाहीतर डिस्क उघडत नाही. सर्व्हर सुरू करायची परवानगी मिळाली, डिस्कची नाही. ही परमिशन देताना ग्रँट फक्त एडब्ल्यूएसच्या रिसोर्ससाठीच असावी अशी कंडिशन लावता येते, ती लावावी. टॅगशी याचा काही संबंध नाही, पण टॅगच्या गडबडीत असताना प्रत्येक बिघाड टॅगचाच वाटतो म्हणून लिहितोय.

नवीन सर्व्हर बनवायची परमिशन हा आणखी वेगळा विषय. लोकांनी स्वतःच्या टीमचा टॅग लावूनच सर्व्हर बनवावा, असा नियम हवा होता. तर रनइन्स्टन्सेसला, म्हणजे नवा सर्व्हर बनवणाऱ्या कॉलला, रिक्वेस्टटॅगची, म्हणजे रिक्वेस्टमधून आलेल्या टॅगची, कंडिशन लावलेली होती, रिसोर्सला स्टार. वाचताना एकदम बरोबर वाटतं. आणि एकही सर्व्हर बनत नव्हता, टॅग लावून पण नाही, कितीही नीट लावला तरी नाही. कारण रनइन्स्टन्सेस म्हणजे एक सर्व्हर नसतो, त्या एका कॉलमध्ये इन्स्टन्स, व्हॉल्यूम, नेटवर्क इंटरफेस, सबनेट, सिक्युरिटी ग्रुप, इमेज, की-पेअर अशा सगळ्यांची एकेक करून तपासणी होते आणि प्रत्येकाला हो मिळालं तरच पुढे. यातलं सबनेट, इमेज, सिक्युरिटी ग्रुप हे आधीपासूनच आहेत, ते आत्ता बनत नाहीयेत, त्यांना या रिक्वेस्टमधून टॅग लागत नाही, म्हणजे त्यांच्या बाबतीत रिक्वेस्टटॅग नावाची की-च नसते. नाही म्हणजे जुळत नाही म्हणजे नकार. त्याचे दोन तुकडे करायचे, जे नव्याने बनतं त्याच्यासाठी टॅगच्या कंडिशनसकट एक स्टेटमेंट, आणि जे नुसतं वापरलं जातं त्याच्यासाठी त्या कंडिशनशिवाय दुसरं. शिवाय बनवतानाच टॅग लावायचा तर क्रिएटटॅग्जची परमिशनही लागते, आणि ती मोकळी देऊ नये, क्रिएटॲक्शन, म्हणजे ज्या कॉलमधून टॅग लागतोय तो, रनइन्स्टन्सेस असेल तरच, अशी बांधून द्यावी. एवढं सगळं करून परत नकार आला तेव्हा डीकोडमध्ये ॲक्शन बघितली तर पासरोल, म्हणजे सर्व्हरला रोल देण्याची परमिशन, कारण सर्व्हरला इन्स्टन्स प्रोफाइल जोडलं होतं. तेव्हापासून मी कोण काय करत होता हे त्या माणसाला विचारत नाही, डीकोडमधली ॲक्शन वाचतो. माणूस सांगतो 'सर्व्हर बनवत होतो', आणि नकार भलत्याच गोष्टीला असतो.

व्हॉल्यूमचं, म्हणजे डिस्कचं, पण असंच. सर्व्हरवर टॅग आहे, त्याच्या डिस्कवर नाही. डिस्क जोडायची म्हटलं तर सर्व्हर आणि व्हॉल्यूम दोन्हीकडे परवानगी बघितली जाते. ऑटोस्केलिंगमधून, म्हणजे गरजेनुसार आपोआप, आलेल्या सर्व्हरवर ग्रुपचे टॅग उतरतात पण डिस्कवर उतरत नाहीत, त्यासाठी लाँच टेम्प्लेटमध्ये व्हॉल्यूमचे टॅग वेगळे लिहावे लागतात. आमच्याकडे ते लिहिलेलेच नव्हते आणि म्हणून ऑटोस्केलिंगवाल्या टीमच्याच तक्रारी जास्त. आणि एका अकाउंटमध्ये कुणीतरी सुरक्षेसाठी म्हणून डिनाय घातलेला, टॅग 'समान नसेल तर' नकार. समान-नसेल या कंडिशनला टॅगच नसलेली वस्तूही समान नाहीच वाटते, त्यामुळे बिनटॅगची प्रत्येक डिस्क त्या डिनायमध्ये सापडत होती, आणि डिनायच्या पुढे कितीही अलाउ लिहा. अलाउमध्ये टॅग नसणं म्हणजे गप्प बसणं आणि 'समान नसेल'वाल्या डिनायमध्ये टॅग नसणं म्हणजे ठाम नाही, हा फरक एकदा डोक्यात बसला की अर्धे बिघाड नुसते पॉलिसी वाचून ओळखता येतात.

मग दोन टीमचा एक सर्व्हर, हा प्रश्न येणारच होता. टॅगला व्हॅल्यू एकच. कुणीतरी कोलन घालून दोन नावं एकाच व्हॅल्यूत लिहिली आणि पॉलिसीत स्ट्रिंगलाइक करून दोन्ही बाजूंना स्टार, म्हणजे नावाच्या मागेपुढे काहीही चालेल. चाललं, आणि त्याचबरोबर ऑप्स टीमच्या लोकांना डेवऑप्स टीमचे सगळे सर्व्हर बंद करता यायला लागले, कारण एका नावात दुसरं नाव आहे. तक्रार अर्थातच कुणी केली नाही. जास्तीची परमिशन मिळाल्याची तक्रार कुणीच करत नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं. व्हॅल्यूच्या सुरुवातीला आणि शेवटीही कोलन ठेवायचा आणि पॉलिसीतही कोलनसकट शोधायचं, म्हणजे तुकडा जुळत नाही.

राहता राहिलं मूळ भोक, टॅग बदलणार कोण. ज्याच्याकडे क्रिएटटॅग्ज मोकळं आहे तो कुठल्याही सर्व्हरवर स्वतःच्या टीमचं नाव लिहून तो सर्व्हर आपलासा करू शकतो, त्याला पॉलिसी बदलायची गरजच नाही. आणि आमच्याकडे क्रिएटटॅग्ज बऱ्याच जणांकडे होतं, कारण 'टॅगच तर आहेत'. तर टीम टॅगला हात लावायला प्लॅटफॉर्मचा रोल सोडून सगळ्यांना डिनाय घातला, क्रिएटटॅग्ज आणि डिलीटटॅग्ज दोन्हीला. डिलीट विसरायचं नाही. लगेच नवीन सर्व्हर बनणं बंद, कारण बनवताना टॅग लागतो तोही क्रिएटटॅग्जच. म्हणून डिनायमध्ये अजून एक कंडिशन, क्रिएटॲक्शन ही की रिक्वेस्टमध्ये नसेल तरच. बनवताना ती असते, नंतर नुसता टॅग बदलताना नसते.

एवढं करूनही एकाने ॲक्सेस मिळवून दाखवला, मीच त्याला प्रयत्न कर म्हटलं होतं. त्याने टीम टॅगला हात लावलाच नाही. त्याने एका बिनटॅगच्या सर्व्हरवर कॅपिटल टी-वाला टीम टॅग लावला. माझा डिनाय टॅगकीज, म्हणजे रिक्वेस्टमधल्या टॅगची नावं, तपासत होता, आणि तिथं टॅगचं नाव ही व्हॅल्यू असते, स्ट्रिंगइक्वल्सने तपासली की छोटा टी आणि मोठा टी वेगळे. पण अलाउमध्ये तेच नाव रिसोर्सटॅगच्या पुढे, कंडिशन की-चाच भाग म्हणून येतं, आणि कंडिशन की-च्या नावात छोटं-मोठं बघितलं जात नाही. एकाच पॉलिसीत एकाच शब्दाला दोन नियम. डिनायमध्ये इग्नोरकेस लावलं तेव्हा बंद झालं, तिथं मात्र सैल सोडणंच बरोबर, कारण डिनाय जितका जास्त पकडेल तितका बरा.

यातून अजून एक जुनं कोडं सुटलं, काही सर्व्हर असे होते की त्यांच्यावर कुणाचंच काही चालत नव्हतं. ईसीटूवर टॅगच्या नावांत छोटं-मोठं वेगळं धरलं जातं, त्यामुळे त्या सर्व्हरवर छोट्या आणि मोठ्या टी-चे दोन्ही टॅग शेजारी शेजारी बसले होते, मोठा अर्थातच हिशोबाच्या स्क्रिप्टने लावलेला. पॉलिसीतली कंडिशन यातल्या कुठल्याही एकाशी जुळते, पण दोन्ही असले की नाही. टॅग एडिटरमध्ये मोठ्या टी-ने शोधून सगळे काढून टाकले.

शेवटी ती जुन्या ग्रुपची आयडीवाली पॉलिसी काढली. त्याच रात्री सर्व्हर बंद करणारा एक जॉब पडला, कारण त्याचा रोल इतके दिवस त्याच यादीतल्या परमिशनवर चालत होता आणि त्याला टीम टॅग कधी लावलेलाच नव्हता. लावायला गेलो तर तो दोन टीमचे सर्व्हर बंद करतो, आणि रोलवरच्या टॅगलाही व्हॅल्यू एकच. कोलनची युक्ती इथं उलट्या बाजूने चालत नाही, कारण पॉलिसी माणसाचं नाव सर्व्हरच्या व्हॅल्यूत शोधते, सर्व्हरचं नाव माणसाच्या व्हॅल्यूत नाही. म्हणून त्या जॉबचे दोन रोल केले, प्रत्येक टीमसाठी एक, आणि जॉब आता एकामागून एक दोन्ही घेऊन चालतो.